शहाणा कोणाला म्हणायचं? ख्रिस्ती शिकवणीतला एक पाठ



आजच्या पाठाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चालू होती. फळ्यावर ४०३ वजा १२८ हे उदाहरण मांडलं. शतकाकडून एक घेतला, मधल्या शून्याचे दहा केले, त्यातला एक एककाला दिला. पण बोलण्याच्या नादात दशकाच्या घरात आता नऊच उरले आहेत हे विसरले आणि दहातूनच दोन वजा केले. उत्तर लिहिलं २८५. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, दोनशे पंच्याहत्तर येतंय." तास संपत आला होता, मागच्या बाकावर दोघांची खेचाखेची चालली होती. मी फळ्याकडे वळून न बघताच म्हणाले, "जास्त शहाणपणा नको करूस, बस खाली."

ती बसली. मधल्या सुट्टीत वह्या तपासायला घेतल्या तेव्हा तिच्या वहीत २७५ खोडरबरानं पुसलेलं दिसलं. त्यावर तिनं २८५ लिहिलं होतं. माझं चुकीचं उत्तर तिनं स्वतःच्या बरोबर उत्तरावर लिहिलं होतं! पुढचे चार दिवस त्या मुलीनं एकदाही हात वर केला नाही.

नेमकं त्याच आठवड्यात नाताळच्या निमित्तानं परिपाठात सांगायची बोधकथा माझ्याकडे होती. विषय मीच निवडला होता, 'शहाणा माणूस'. त्यासाठी बायबल उघडून वाचायला बसले आणि वाचता वाचता खजील झाले. त्या वाचनातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडते. वर्गात कसं घ्यायचं तेही शेवटी दिलं आहे.

हुशार आणि शहाणा

आपल्या मराठीत 'शहाणा' हा शब्द मोठा गमतीचा आहे. "शहाणं माझं बाळ ते" म्हणून आपण लाड करतो आणि "फार शहाणा आहेस!" म्हणून झापतोही. 'दीडशहाणा' आणि 'अतिशहाणा' या तर शिव्याच झाल्या. अतिशहाण्याचा बैल रिकामा राहतो हे आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे शहाणपण नुसत्या डोक्यात नसतं, डोकं कुठे आणि कसं वापरलं यात असतं, हे आपल्या भाषेला ठाऊक आहे. शाळेत मात्र आपण हुशार आणि शहाणा यांची गल्लत करतो. माझ्या वर्गात "तुमच्यात शहाणं कोण?" असं विचारलं तर सगळी बोटं पहिल्या नंबराकडे वळतात.

बायबलच्या जुन्या करारात शहाणपणाबद्दलची तीन पुस्तकं प्रसिद्ध आहेत: नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक. ही पुस्तकं यहुदी लोकांचीही आहेत आणि ख्रिस्ती लोकांचीही. मूळ हिब्रू भाषेत शहाणपणाला 'होख्मा' असा शब्द आहे. हा शब्द फक्त पंडितांसाठी वापरलेला नाही. निर्गम या पुस्तकात देवाच्या निवासमंडपाचं काम करणारा बसालेल नावाचा कारागीर येतो. सोनं, रुपं, लाकूड, रत्नं यांचं काम करायला त्याला जे मिळालं, त्यालाही हाच शब्द आहे. मंडपासाठी सूत कातणाऱ्या बायकांच्या मनाचं वर्णनही याच शब्दानं केलं आहे. म्हणजे ज्याला आपलं काम नीट, मन लावून, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं करता येतं, तोही शहाणा. वर्गातली जी मुलं गणितात मागे पण चित्रात, मातीकामात, रांगोळीत पुढे असतात, त्यांच्याकडे बघताना मला हे फार मोलाचं वाटलं.

देवाचं भय म्हणजे छडीचं भय नव्हे

नीतिसूत्रांत पुन्हा पुन्हा येणारी एक गोष्ट अशी की शहाणपणाची सुरुवात परमेश्वराच्या भयातून होते. हे पालकांना आणि शिक्षकांना लगेच आवडतं, कारण 'भय' म्हटलं की आपल्याला छडी आठवते! पण इथे अर्थ वेगळा आहे. मी सर्वज्ञ नाही, शेवटचा शब्द माझा नाही, माझ्या वर कोणीतरी आहे ही जाणीव मनात असणं, म्हणजे हे भय. त्याला आदरयुक्त नम्रता म्हणा. ही जाणीव ज्याला आहे तोच शिकू शकतो. ज्याला सगळं येतं त्याला कोण शिकवणार?

म्हणूनच याच पुस्तकात शहाण्याची एक साधी ओळख सांगितली आहे. शहाण्याची चूक दाखवली तर तो दाखवणाऱ्यावर प्रेम करतो आणि आणखी शहाणा होतो. टवाळखोराची चूक दाखवली तर तो द्वेष करतो. आणखी एके ठिकाणी असा आशय आहे की समजदाराला एक बोल जितका लागतो तितके शंभर फटके मूर्खाला लागत नाहीत. आपल्याकडे "शहाण्याला शब्दाचा मार" म्हणतात ते हेच. दूरच्या देशातल्या जुन्या पुस्तकात आपलीच म्हण भेटावी, याचा मला आनंद झाला. पण लगेच प्रश्न पडला की त्या तासाला शब्दाचा मार कोणाला लागायला हवा होता? मुलीला की मला?

शलमोन राजा: गोष्टीचा पहिला भाग

शलमोनाची गोष्ट बहुतेकांना अर्धी माहीत असते. राजा झाला तेव्हा तो तरुण होता. गिबोन इथे स्वप्नात देवानं त्याला विचारलं, तुला काय देऊ? त्यानं दीर्घायुष्य मागितलं नाही, धन मागितलं नाही, शत्रूंचा नाशही मागितला नाही. मी लहान आहे, एवढ्या लोकांचा कारभार कसा चालवावा मला कळत नाही, तेव्हा बरं-वाईट ओळखून न्याय करता येईल असं मन दे, असं मागणं त्यानं केलं. मूळ हिब्रूत त्यानं मागितलेल्या मनाला जे विशेषण आहे त्याचा शब्दशः अर्थ 'ऐकणारं' असा होतो. राजानं काय मागावं? तर ऐकणारं मन! बोलणारं तोंड नाही, आज्ञा देणारा आवाज नाही.

मग ती प्रसिद्ध न्यायाची गोष्ट येते. एका घरात राहणाऱ्या दोन स्त्रिया, दोघींना तीन दिवसांच्या अंतरानं मुलं झाली. रात्री एकीचं मूल मेलं. जिवंत मूल माझंच, असं दोघी म्हणतात. साक्षीदार कोणी नाही. राजा तलवार मागवतो आणि मुलाचे दोन तुकडे करून अर्धं-अर्धं वाटा म्हणतो. खरी आई कळवळून म्हणते, मूल तिला द्या पण मारू नका. आणि आई कोण ते राजाला कळतं.

ही गोष्ट आपण राजाची युक्ती म्हणून सांगतो. मला आता तिच्यातल्या दुसऱ्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, त्या स्त्रिया समाजानं हलक्या ठरवलेल्या होत्या. बायबलमध्ये त्यांना वेश्या म्हटलं आहे (मुलांना सांगताना 'दोन स्त्रिया' एवढंच पुरे). अशा बायकांचं भांडण राजानं स्वतः, पूर्ण ऐकून घेतलं. दुसरी, त्यानं पुरावा शोधला तो प्रेमात. कोणाचं बोलणं जास्त चतुर हे न बघता, मुलाच्या जिवासाठी स्वतःचा हक्क सोडायला कोण तयार आहे हे बघितलं. ऐकणारं मन मागितलं होतं, ते इथे कामाला आलं.

गोष्टीचा दुसरा भाग, जो आपण सांगत नाही

पुढे शलमोनाची कीर्ती झाली. त्यानं तीन हजार नीतिवचनं रचली, झाडांबद्दल आणि पशुपक्ष्यांबद्दल तो बोलत असे, असं राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. पण त्याच पुस्तकात पुढे त्याचे घोडे, रथ, सोनं आणि सातशे राण्यांचा हिशोबही आहे. बांधकामांसाठी लोकांना वेठीला धरलं. म्हातारपणी त्याचं मन बहकलं आणि ज्या देवाकडे शहाणपण मागितलं होतं त्यालाच तो विसरला.

त्याच्यानंतर त्याचा मुलगा रहबाम गादीवर बसायला शखेमला गेला. लोक म्हणाले, तुमच्या वडिलांनी आमच्या मानेवर जड जू ठेवलं, ते हलकं करा. वृद्ध सल्लागार म्हणाले, आज या लोकांचा सेवक हो, गोड बोल, ते कायम तुझे राहतील. बरोबरीच्या मित्रांनी सांगितलं, आणखी दरडाव. त्यानं मित्रांचं ऐकलं. राज्य फुटलं आणि दहा वंश निघून गेले. बापानं ऐकणारं मन मागितलं होतं, लेकाला ऐकताच आलं नाही.

ही दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पाठ पूर्ण होत नाही असं मला वाटतं. शहाणपण हे आपल्या डी.एड.च्या प्रमाणपत्रासारखं नाही, की एकदा मिळालं, चौकट करून भिंतीवर लावलं आणि काम झालं. ते रोज मागावं लागतं. काल शहाणपणानं वागलेला माणूस आज मूर्खासारखा वागू शकतो. राजा वागला, तिथे बाईंची काय कथा!

दोन घरं

नव्या करारात मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या डोंगरावरील प्रवचनाच्या शेवटी दोन घर बांधणाऱ्यांचा दाखला आहे. एकानं खडकावर घर बांधलं, दुसऱ्यानं वाळूवर. पाऊस आला, पूर आला, वारा सुटला. खडकावरचं टिकलं, वाळूवरचं कोसळलं. त्या प्रदेशात उन्हाळ्यात कोरडे पडलेले ओढे हिवाळ्याच्या पावसात एकदम भरून वाहतात. कोरड्या दिवसांत ती वाळूची जागा सपाट, सोयीची वाटत असणार. लूकच्या शुभवर्तमानात हाच दाखला येतो, तिथे शहाण्यानं खोल खणून पाया घातला असा तपशील आहे.

या दाखल्यात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर दोघांनीही ऐकलं होतं. शिकवण दोघांच्याही कानावर पडली होती. एकानं त्याप्रमाणे केलं, दुसऱ्यानं केलं नाही, एवढाच फरक. आपल्या परीक्षेत 'खरे बोलण्याचे फायदे लिहा' या प्रश्नाला दोघांनाही पाचपैकी पाच मिळाले असते! कोरड्या हवेत दोन्ही घरं सारखीच दिसतात. पाया पावसात कळतो. मुलाचं शहाणपण गुणपत्रकात दिसत नाही. खेळात हरल्यावर, मित्राची पेन्सिल सापडल्यावर, चूक पकडली गेल्यावर ते दिसतं. आणि शिक्षकाचं शहाणपण? वर्गातल्या मुलीनं फळ्यावरची चूक दाखवली की ते दिसतं.

दहा कुमारिकांचा दाखला याच धाटणीचा आहे. वराची वाट बघणाऱ्या दहा जणींपैकी पाच जणींनी दिव्यांसोबत जास्तीचं तेल घेतलं होतं, पाच जणींनी नाही. ऐनवेळी तेल उसनं मिळालं नाही. काही गोष्टी आयत्या वेळी दुसऱ्याच्या वहीतून उतरवता येत नाहीत, असं मी मुलांना सांगते. ते त्यांना बरोबर कळतं.

पालकांना एक शंका नेहमी असते. "बाई, एवढं साधं-सरळ वागायला शिकवलं तर मूल भोळं राहील, जग त्याला फसवेल." येशूनं शिष्यांना पाठवताना दोन प्राण्यांची उदाहरणं दिली होती, साप आणि कबुतर. सापासारखं सावध राहायचं आणि कबुतरासारखं निष्कपट. फसू नका आणि फसवूही नका, दोन्ही एकदम. शहाणा म्हणजे भोळा नव्हे.

मागणाऱ्याला न हिणवता

मला सगळ्यात जास्त लागलं ते याकोबाचं पत्र. नव्या करारातलं हे छोटं, पाचच अध्यायांचं पत्र आहे. त्यात दोन प्रकारचं शहाणपण सांगितलं आहे. एक, ज्याच्या पोटात मत्सर असतो आणि 'मीच पुढे' ही ओढ असते. ते जिथे जातं तिथे गोंधळ होतो. दुसरं वरून, देवाकडून येणारं. ते शुद्ध, शांतताप्रिय, सौम्य, दुसऱ्याचं ऐकून घेणारं, दयाळू असतं, पक्षपात आणि ढोंग करत नाही. ज्याला शहाणं म्हणवून घ्यायचं असेल त्यानं ते वागण्यातून, सौम्यपणे दाखवावं, असं याकोब सांगतो. यात कुठेही पाठांतर नाही, नंबर नाही. ऐकायला चटकन तयार असावं, बोलायला आणि रागवायला सावकाश, हेही त्याच पत्रात आहे. आम्हा शिक्षकांचं बहुधा उलटं असतं!

आणि पत्राच्या सुरुवातीलाच एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: कोणाला शहाणपण कमी पडत असेल तर त्यानं देवाकडे मागावं. देव उदारपणे देतो आणि मागणाऱ्याला हिणवत नाही.

इथे मी थांबले. न हिणवता देतो. म्हणजे ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे देव असा शिक्षक आहे, की ज्याला काही कळलं नाही तो न घाबरता त्याच्यासमोर हात वर करू शकतो. मी तर ज्या मुलीला बरोबर कळलं होतं तिलाच खाली बसवलं होतं.

येशूला शिष्य 'गुरुजी' म्हणत. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी हा गुरू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पौल तर करिंथच्या मंडळीला लिहितो की क्रुसाची गोष्ट जगातल्या शहाण्यांना मूर्खपणाची वाटते. ख्रिस्ती माणसासाठी शहाणपणाचं टोक तिथे आहे: वर चढण्यात नाही, खाली वाकण्यात.

आपल्या मातीतलं याचं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. संस्कृतच्या विद्वत्तेसाठी १८७८ साली कोलकात्यात त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदनात विधवा, दुष्काळात सापडलेल्या मुली, अंध स्त्रिया यांना त्यांनी आसरा दिला, अक्षर दिलं, हाताला काम दिलं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत आणण्यात घालवली. कमी शिकलेल्या बाईलाही ते कळावं ही त्यांची धडपड होती. १९२२ साली त्या गेल्या. संस्कृतात सभा जिंकणारी ही पंडिता शेवटी साध्या बाईला कळेल असा शब्द शोधत बसली. हुशारीचं शहाणपण होतं ते असं.

वर्गात कसं घ्याल?

१. दोन पराती घ्या. एकीत वाळू, दुसरीत मोठा सपाट दगड. दोन्हींवर काड्यापेट्यांचं एकेक घर करा. आधी मुलांना विचारा, कोणतं घर चांगलं? दोन्ही सारखीच दिसतील. मग झारीनं दोन्ही परातींच्या कडेनं पाणी सोडा. वाळू सरकते आणि घर कलतं. आपण काही सांगायच्या आत मुलंच बोलायला लागतात.

२. शलमोनाची गोष्ट सांगून विचारा: "देवानं तुम्हाला विचारलं, काय देऊ, तर काय मागाल?" माझ्या वर्गात सायकल आणि मोबाईल आले, ते येणारच. रागावू नका. नंतर विचारा, "त्यातलं दुसऱ्याच्या उपयोगी काय पडेल?"

३. आपापल्या घरी ऐकलेल्या शहाणपणाच्या म्हणी मुलांना आणायला सांगा. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात. कोणाच्या आजीनं सांगितलेली गोष्ट, कोणाच्या ग्रंथातली गोष्ट, सगळ्यांना जागा द्या. हा पाठ कोणाला कोणता धर्म मोठा हे शिकवण्यासाठी नाही.

४. फळ्याच्या कोपऱ्यात 'बाईंची चूक' अशी चौकट ठेवा. ज्याला चूक सापडेल त्यानं तिथे येऊन दुरुस्त करायची.

पालकांनी घरी एवढंच करावं: आठवड्यातून एकदा जेवताना "आज माझं काय चुकलं" हे आधी स्वतः सांगावं, मग मुलाला विचारावं. आणि "शहाणपणा करू नकोस" हे वाक्य महिनाभर बंद ठेवून बघावं. अवघड आहे, मी करून बघितलंय.

शेवटी

पाचव्या दिवशी मी फळ्यावर तेच उदाहरण पुन्हा लिहिलं. ४०३ वजा १२८. खाली माझं २८५ लिहिलं आणि वर्गाला सांगितलं, "हे माझं उत्तर चूक आहे. सोमवारी मला कोणीतरी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ते माझं चुकलं." वर्ग शांत झाला. बाईंचं चुकतं हे मुलांना माहीत असतं, पण बाई ते बोलतात हे नवीन होतं. त्या मुलीला मी पुढे बोलावलं. ती आली, शून्यावर नऊ लिहिला, नीट वजाबाकी केली आणि माझ्याकडे न बघता जागेवर जाऊन बसली.

लगेच सगळं ठीक झालं असं नाही. हात वर करायला तिला आणखी आठवडा लागला. एक वाक्य तोंडातून जायला दोन सेकंद लागतात, ते भरून काढायला किती दिवस लागतात ते त्या मुलीनं मला शिकवलं. 'बाईंची चूक' ही चौकट आता मुलांचा आवडता खेळ झाली आहे. परवा माझा एक ऱ्हस्व-दीर्घ सापडला तर तिघं एकदम धावली. त्यांत ती होती.

तुमच्या वर्गात किंवा घरात 'शहाणा' कोणाला म्हणतात, हे आज जरा ऐकून बघा आणि मुलांनाच विचारा. त्यांची उत्तरं ऐकायला वेळ ठेवा.